आधी मोरीचं पाणी, मग ओटा

प्रश्न: आम्ही दोघं नोकरीनिमित्त बरीच वर्षं टोकियोत राहिलो. गेल्या वर्षी नागानो प्रांतातल्या इना खोऱ्यात एक जुनं शेतकरी-घर घेतलं. गावकचेरीच्या रिकाम्या घरांच्या यादीतून मिळालं. मेइजी काळाच्या शेवटी, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बांधलेलं आहे म्हणतात. गवती छपरावर पत्रा चढवलाय, वरच्या माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. सगळ्यात वाईट दशा स्वयंपाकघराची आहे. अर्धं मातीच्या जमिनीवर, तिथे टाइल लावलेली दोन तोंडांची चूल. उरलेलं अर्धं उंच फळ्यांवर, तिथे सत्तरच्या दशकातलं स्टीलचं सिंक, प्लायवूडच्या भिंती, फळ्यांवर प्लास्टिकचं आच्छादन आणि पाय ठेवला की दबणारी जमीन. ठेकेदारानं पंचेचाळीस लाख येनचा अंदाज दिलाय. चूल पाडायची, मातीच्या जागेत काँक्रीट ओतून सगळं एका पातळीत आणायचं, सगळीकडे खोटं छत टाकायचं आणि तयार किचन बसवायचं. नवऱ्याला हे पटलंय. एक तर थंडी, आणि सासूबाई दरवर्षी सांगलीहून तीन महिने येतात, त्यांना उंच पायरी झेपत नाही. मला मात्र ती चूल आणि ती मातीची जमीन मोडवत नाही. रोज वाद होतात. काय करू?
— एक वाचक, नागानो

उत्तर:

प्रिय ताई,

पत्रासोबत अंदाजपत्रकाचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. मी तो ओळीनं वाचला. कपाटं आहेत, ओटा आहे, छताचे दिवे आहेत, आवाज न करता मिटणारे ड्रॉवरसुद्धा आहेत. जमिनीखाली काय आहे याबद्दल एक ओळ नाही. सिंकचं पाणी कुठे जातं याबद्दलही नाही. आणि तुम्ही पत्रात अर्ध्या वाक्यात लिहून गेलात, ‘पाय ठेवला की दबणारी जमीन’. माझ्या दृष्टीनं तुमचा खरा प्रश्न तो आहे. चूल ठेवायची की पाडायची हा वाद दोन महिने बाजूला ठेवला तरी काही बिघडणार नाही. तो दबणारा कोपरा थांबणार नाही.

तुमच्या घराचे खांब जमिनीत पुरलेले नाहीत, की काँक्रीटच्या पायाला बोल्टनं आवळलेलेही नाहीत. ते नुसते दगडांवर उभे आहेत. ही जुनी पद्धत चांगली आहे, पण एका अटीवर, ती म्हणजे खालून वारा खेळला पाहिजे आणि खांबांचे पाय कोरडे राहिले पाहिजेत. सत्तरच्या दशकात कुणीतरी तिथे सिंक बसवलं, पाइप टाकले, वर प्लास्टिक अंथरलं. पाइप थोडा थोडा गळत राहिला असणार आणि ती ओल वर येऊन सुकायला वाटच उरली नाही. जपानातली वाळवी ओलं लाकूड शोधत येते, म्हणून ती सापडते ती स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या खाली. फळ्यांमध्ये साठवणीचं झाकण असेल तर ते उघडा, नसेल तर दबणाऱ्या जागेजवळ सुताराकडून एक फळी काढवून घ्या. बॅटरी आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली वाका. खांबाच्या तळाशी टोचा. टोक सहज आत गेलं तर लाकूड गेलंय. दगडावरून वर चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे किंवा होती.

एवढ्यावरून घाबरून जाऊ नका. कुजलेला खांब म्हणजे संपलेलं घर नव्हे. इथले जुने सुतार खांबावरचा भार जॅकवर घेतात, कुजलेला पाय कापतात आणि खालून नवं लाकूड सांध्यात सांधा अडकवून जोडतात. याला नेत्सुगी म्हणतात. पायाशी आणि आडव्या तुळयांना पूर्वीपासून चेस्टनटचं लाकूड वापरायची रीत आहे, कारण ते ओलीला दाद देत नाही. हे काम करणारा सुतार मात्र शोधावा लागेल. तयार किचन बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बहुधा ते येत नाही, आणि तो ते कबूलही करणार नाही. ‘काढून टाकू, नवीन बसवू’ म्हणेल. त्याला एकच प्रश्न विचारा, ‘नेत्सुगी याआधी कुठे केली आहे, घर बघायला मिळेल का?’

ठेकेदाराच्या काँक्रीटला माझा पहिला विरोध इथूनच आहे. चूल आणि मातीची जमीन जाईल म्हणून नाही. दगडावर उभ्या खांबांना चिकटून काँक्रीट ओतलं की खांबाचा पाय कायमचा ओल्या मोज्यात अडकतो. काँक्रीट घालायचंच असेल तर ते खांबापासून सुटं ठेवलं पाहिजे, आणि खाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर हवा. हे दोन्ही त्याच्या कागदावर नाही.

फळ्या उघडल्याच आहेत तर भूकंपाची तपासणीही करून घ्या. आजचे भूकंपाचे नियम १९८१ च्या जूनपासूनचे, लाकडी घरांसाठी २००० मध्ये आणखी कडक झालेले. तुमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं. १९८१ च्या आधीच्या लाकडी घरांची तपासणी अनेक गावकचेऱ्या फुकट किंवा नाममात्र पैशांत करून देतात. विचारायला काही लागत नाही.

आता मोरीचं पाणी. एक दिवस सिंकमध्ये चमचाभर हळद टाका, यजमानांना नळ मोठा सोडायला सांगा आणि तुम्ही बाहेर नालीपाशी उभ्या राहा. पिवळं पाणी तिथे आलं, तर तुमच्या घासलेल्या भांड्यांचं पाणी प्रक्रिया न होता ओहोळात चाललंय. इना खोऱ्यात तो ओहोळ पुढे कुणाच्या तरी भातखाचरात जातो. शेजारचे आजोबा तोंडावर काही बोलणार नाहीत. पण गावात तुमच्याबद्दल मत बनतं ते अशा गोष्टींवरून.

असं होतं याचं कारण साधं आहे. जुन्या घरांत एक तर संडासाची टाकी गाडीनं उपसायची असते, नाहीतर फक्त संडासापुरती शुद्धीकरण टाकी असते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तिला जोडलेलंच नसतं. अशा एकेरी टाक्या नव्यानं बसवायला २००१ पासून बंदी आहे, पण जुन्या अजून पुष्कळ आहेत. गावात सांडपाण्याची वाहिनी आली असेल तर जोडणी घ्या, प्रश्न मिटला. नसेल तर संडास, स्वयंपाकघर, न्हाणी सगळ्याचं पाणी घेणारी एकत्रित टाकी, गप्पेइ जोकासो, बसवावी लागेल. तिचं माप माणसांवरून नव्हे, घराच्या क्षेत्रफळावरून ठरतं. १३० चौरस मीटरपर्यंत पाच माणसांची, त्यावर सात माणसांची. तुम्ही दोघंच असलात तरी एवढ्या जुन्या घराला बहुधा सातचीच लागेल. यासाठी बहुतेक गावांत अनुदान असतं, आणि ते जवळजवळ नेहमी काम सुरू होण्याआधी मंजूर करून घ्यावं लागतं. आधी खड्डा खणून मग अर्ज घेऊन गेलात तर कचेरीतला माणूस अत्यंत नम्रपणे, वाकून, नाही म्हणेल. म्हणून ठेकेदाराशी करार करण्याआधी गावकचेरी.

टाकीतलं काम सूक्ष्मजीव करतात आणि त्यांना तेल सोसत नाही. कढई धुण्याआधी कागदानं पुसून घेणं ही तिथे शिष्टाचाराची बाब नाही, टाकी चालू ठेवण्याची आहे. सासूबाईंनाही हे पहिल्याच दिवशी सांगा.

एक गोष्ट आत्ताच, आजच. ते प्लास्टिकचं आच्छादन आणि शेगडीमागचे राखाडी पातळ पत्रे स्वतः खरवडून काढू नका. त्या काळातल्या अशा मालात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून फुप्फुसांत गेल्यास घातक ठरणारे तंतू, असू शकतं. जपाननं त्यावर २००६ मध्ये जवळजवळ पूर्ण बंदी आणली, तुमचं आच्छादन त्याच्या बरंच आधीचं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तोडफोडीआधीची ॲस्बेस्टॉसची तपासणी प्रमाणित माणसानंच करायची असते, आणि दहा लाख येन किंवा त्याहून मोठ्या दुरुस्तीत तिचा निकाल सरकारदरबारी कळवावा लागतो. तुमचं काम पंचेचाळीस लाखांचं आहे. अंदाजपत्रकात ही ओळही नाही. ठेकेदाराबद्दल मला त्यावरून जे वाटायचं ते वाटलं.

आता तुमचा वाद. यजमानांचं थंडीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते तुम्ही मनाला लावून ऐकावं असं मला वाटतं. इना खोऱ्यात हिवाळ्यात पारा शून्याखाली दहापर्यंत जातो. ही घरं उन्हाळा सोसण्यासाठी बांधलेली. हिवाळ्यात माणसं चुलीच्या किंवा जमिनीतल्या आगटीच्या भोवती बसायची आणि पाठीला वारा खायची. छपरापर्यंत मोकळ्या जागेत कितीही हीटर लावले तरी ऊब वर जाऊन काळ्या तुळयांना मिळते. जानेवारीत पहाटे सहाला तिथे चहा करून बघा, मग मोकळ्या तुळयांबद्दल बोलू.

पण म्हणून सगळ्या जागेवर खोटं छत टाकून ती जमीन गाडायची गरज नाही. तुमच्या स्वयंपाकघराचे मुळातच दोन भाग आहेत. ते तसेच ठेवा आणि त्यांना वेगवेगळी कामं द्या. फळ्यांचा भाग म्हणजे रोजचं स्वयंपाकघर. तेवढीच खोली डबीसारखी बंद करा. फळ्यांखाली, भिंतींत आणि कमी उंचीच्या छतावर उष्णतारोधक थर, जुन्या खिडकीच्या आत दुसरी खिडकी, मातीच्या बाजूला नीट बसणारी सरकती दारं. आठ-दहा तातामी चटयांएवढी (साधारण तेरा ते सोळा चौरस मीटरची) खोली गरम ठेवायला मोठा खर्च येत नाही. मातीचा भाग, ज्याला तिथे दोमा म्हणतात, तो तसाच उंच, थंड, मोकळा राहू द्या. शेतातला मुळा धुणं, लोणच्याची पिंपं, तांदळाची पोती, ओल्या छत्र्या, उन्हाळ्यात चुलीवरचा भात. ही कामं गरम खोलीत कुणाला हवी असतात? यजमानांना ऊब मिळते, तुम्हाला जमीन.

सासूबाईंसाठी पायरी मोडायला नको, वाटायला हवी. दोमातून फळ्यांवर चढायची उंची अशा घरांत चाळीस-पन्नास सेंटिमीटर असते, ती कुणाच्याही गुडघ्याला जास्तच. तिच्या निम्म्या उंचीची रुंद लाकडी पायरी खाली ठेवतात, जुन्या घरांत तिची पद्धत आहेच. बाजूच्या खांबाला एक भक्कम दांडा. त्यांचा रोजचा स्वयंपाक वरच्याच खोलीत होणार असल्यानं दिवसातून वीसदा चढउतार होणार नाही.

ओट्याच्या उंचीबद्दल इथल्या शोरूमच्या सांगण्यावर जाऊ नका. ते उंचीचं निम्मं अधिक पाच सेंटिमीटर असा हिशोब देतात. तो सुरीसाठी बरोबर आहे, पोळ्या लाटण्यासाठी उंच होतो. तयार ओटे ८०, ८५, ९० अशा मापांत येतात. तुमच्या सिंकच्या बाजूला तुमचं माप ठेवा आणि लाटायला खालच्या पातळीची वेगळी फळी बसवून घ्या. सुतार घरात आहेच तर हे काम अर्ध्या दिवसाचं.

शेगडी गॅसची की इंडक्शनची, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणार. खेड्यात प्रोपेनचे सिलिंडर असतात, त्यामुळे टोकियोतल्या नळीच्या गॅसची शेगडी तिथे चालणार नाही, ती कुणाला तरी देऊन टाका. दोन मजली लाकडी घरात खालच्या मजल्यावर ज्योतीची शेगडी असेल, तर त्या खोलीच्या भिंतींना आणि छताला सहजी न पेटणारं अस्तर कायद्यानं लागतं. तुमचा रेशमाचा माळा कागदोपत्री मजला आहे का, ते नोंदणीत बघा. मी सुचवलेल्या छोट्या खोलीत छताला आणि भिंतींना जिप्सम आलं की ही अट आपोआप निकालात निघते. मोकळ्या तुळयांखाली गॅस मांडायचा हट्ट केलात तर ती आडवी येईल. इंडक्शनला ही अट नाही, पण त्याला दोनशे व्होल्टची वेगळी तार लागते. ती परवानाधारक माणसानंच टाकायची. जपानात घरमालकानं स्वतः वायरिंगला हात लावणं बेकायदा आहे.

मी तुम्हाला गॅस सांगेन, पोळी-भाकरीसाठी. पण एक माहिती असू द्या. २००८ पासून दोन किंवा जास्त बर्नरच्या जपानी घरगुती शेगडीत प्रत्येक बर्नरला तापमान मोजणारी कळ असते. कोरडा तवा अडीचशे अंशांच्या आसपास गेला की ज्योत आपोआप बारीक होते. भाकरी फुगायच्या वेळेला नेमकी. भारतीय बायका याला शेगडीचा दोष समजून ती बदलतात. बहुतेक शेगड्यांवर एका बर्नरसाठी ‘भाजणे आणि तेज परतणे’ अशा अर्थाचं बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की मर्यादा वर जाते. विकत घेताना ते आहे ना, एवढं बघा. खालच्या माशाच्या ग्रिलमध्ये भरताचं वांगं उत्तम भाजलं जातं, हे जाता जाता.

फोडणीसाठी पंखा थेट बाहेरच्या भिंतीला हवा. तुमच्या घरात कागदी दारं आणि गवताच्या चटया आहेत. मोहरीचा आणि मिरचीचा धूर एकदा त्यांत बसला की पुढच्या वर्षीपर्यंत निघत नाही. लांब पाइपमधून वळसे घेत जाणारा देखणा हूड ठेवण्यापेक्षा भिंतीतला साधा पात्यांचा पंखा जास्त हवा ओढतो आणि बराच स्वस्त पडतो. फक्त त्याला झाकण असलेला घ्या, नाहीतर तिथूनच बर्फाळ वारा आत येईल. थंडीत पाइपमधलं पाणी गोठतं, म्हणून पाण्याचे पाइप उत्तरेच्या भिंतीतून नेऊ देऊ नका, जमिनीतून खोलीच्या आत वर आणा. रात्री पाइप रिकामा करायची तोटी कुठे आहे ती आत्ताच शोधून ठेवा. डिसेंबरात बर्फाखाली ती सापडत नाही.

आता चूल. तुमची चूल टाइल लावलेली, धुराड्याची, उभ्यानं स्वयंपाक करता येईल एवढी उंच आहे. म्हणजे ती घराएवढी जुनी नसणार, याचं वाईट वाटून घेऊ नका. युद्धानंतर, १९४८ च्या शेतीसुधारणेच्या कायद्यानं गावोगावी राहणीमान सुधारणाऱ्या कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. त्यांचं सुरुवातीचं एक मोठं काम होतं चुलीचं. धुरानं डोळे गेलेल्या, वाकून कंबर मोडलेल्या शेतकरी बायकांसाठी धुराड्याच्या, कमी लाकडं खाणाऱ्या चुली. आपल्याकडच्या निर्धूर चुलींची आठवण येईल तुम्हाला. तुमची चूल बहुधा त्या लाटेतली. ती कुणीतरी सासूनं किंवा सुनेनं पैसे साठवून बांधवून घेतली असण्याची शक्यता खूप आहे, शेजारच्या आजींना विचारा. ती ठेवावी असं मला वाटतं.

पण पेटवू नका. अजून नाही. तुमच्या पत्र्याखाली शंभर वर्षांचं वाळलेलं गवत आहे. धुराडं त्यातून वर जातं. मधल्या पाइपला एक भोक असलं तरी एका संध्याकाळी घर जाईल. धुराडं साफ करून, छपरातून जाणारा भाग नवा आणि दुपदरी करून, अग्निशमन केंद्रातल्या माणसाला एकदा दाखवून मगच काडी लावा. हे परवडत नसेल तर ती नुसती राहू द्या, वर फळी टाकून भाजी चिरा.

चुलीवरच्या खांबाला काळवंडलेला कागद चिकटवलेला दिसतोय फोटोत. तो चुलीच्या देवाचा, कोजिनचा, असावा. साफसफाईत टाकू नका. नकोच असेल तर गावच्या देवळात नेऊन द्या, ते रीतीनं विसर्जन करतात. पुढेमागे चूल काढायची वेळ आलीच, तरी आधी पुजाऱ्याला बोलवायची तिथे पद्धत आहे. आपल्याला ते समजायला अवघड नाही.

मातीची जमीन उखडली असेल तेवढीच दुरुस्त करा. माती, विरलेला चुना आणि मिठागरातलं निगारी नावाचं खारं पाणी कालवून थापटण्यांनी ठोकायची. शेणानं सारवल्यासारखं हे दर आठवड्याचं काम नाही. नीट ठोकली तर वर्षानुवर्षं टिकते. ठोकायला चार मित्र आणि दोन दिवस लागतात. पावसाळ्यात तिला ओल सुटते, तेव्हा तांदूळ सरळ जमिनीवर ठेवू नका.

परवानगीचं थोडक्यात: नुसतं किचन बदलायला मंजुरी लागत नाही. पण १ एप्रिल २०२५ पासून दोन मजली लाकडी घरात खांब, तुळया, भिंती, वरच्या मजल्याची जमीन, छप्पर किंवा जिने यांपैकी एखाद्याचा निम्म्याहून जास्त भाग बदलायचा झाला तर बांधकाम मंजुरी घ्यावी लागते. सुतारानं फळ्या उघडल्यावर ‘सगळंच बदलू’ म्हटलं, तर आधी वास्तुविशारदाला गाठा.

पैशांचं असं करा. पंचेचाळीस लाखांतला तिसरा हिस्सा बाजूला काढा आणि तो खर्च करायचा नाही असं दोघांनी ठरवा. फळ्यांखाली काय निघेल त्यासाठी तो आहे. मग टाकी, खांब, जमीन, पाइप आणि वीज, उष्णतारोधन, या क्रमानं. जे उरेल त्यात ओटा. महागडं तयार किचन बसेल असं मला वाटत नाही. स्टीलचा साधा ओटा आणि सुतारानं केलेल्या फडताळांवर उत्तम चालतं. आणि यजमानांना घेऊन आधी जमिनीखाली बघा. दोघांनी एकाच वेळी बॅटरी धरून तो कुजलेला खांब पाहिला की छताबद्दलचा वाद निम्मा होईल, कारण दोघांनाही त्याहून मोठी काळजी लागलेली असेल.

सासूबाई यंदाच्या थंडीत येणार असतील तर त्यांना वसंतात बोलवा, तोवर टाकी आणि फळ्या झालेल्या असतील. आणि त्यांना सांगलीहून मिक्सर आणू देऊ नका. तो २३० व्होल्टचा, इथे १०० व्होल्टवर नुसता गुरगुरेल. तुमचा टोकियोतला स्वस्तातला मायक्रोवेव्ह असेल तर त्याच्या मागची पट्टीही वाचा. टोकियोत वीज ५० हर्ट्झची, इना खोऱ्यात ६० ची. फक्त ५० लिहिलं असेल तर तो तिथे लावू नका.